मेंदूतल्या लोह, तांबं, जस्ताचा नकाशा: मला सतत विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यात राहते आणि रोज सकाळी ट्रान्स-हार्बर लोकल पकडून नवी मुंबईतल्या एका लॅबमध्ये जाते. काम काय, तर मेंदूच्या पातळ चकत्यांमध्ये कुठलं मूलद्रव्य कुठे आणि किती आहे त्याचे नकाशे काढायचे. हे सोसायटीत कुणाला सांगितलं की पुढची वीस मिनिटं गेली समजा. हळदीकुंकवाला काकू वेगळं विचारतात, इंटर्नशिपला येणारी पोरं वेगळं विचारतात, आणि व्हॉट्सॲपवर तर विचारूच नका. म्हणून एकदाचं सगळं इथे लिहून टाकतेय. काही उत्तरं पोरांना बाळबोध वाटतील, काही काकूंच्या डोक्यावरून जातील, तेवढं चालवून घ्या.

नकाशा म्हणजे नक्की काय? मेंदूत लोह किती ते साधं मोजता येत नाही का?

येतं की. तुकडा ॲसिडमध्ये विरघळवा, मशीनला द्या, आकडा हातात. पण तो आकडा सरासरीचा. आता बघा, बातम्यांत सांगतात ठाणे जिल्ह्यात आज सरासरी इतका मिलिमीटर पाऊस, आणि आपल्याला माहितीये की घोडबंदरला धो धो पडत असतो तेव्हा ऐरोलीत माणसं छत्री न उघडता चालत असतात. मेंदूचं तसंच आहे, एका मिलिमीटरच्या अंतरात चित्र बदलतं, आणि विरघळवलं की ते अंतरच पुसलं जातं. म्हणून आम्ही चकती तशीच ठेवून तिच्यावर ठिपक्या-ठिपक्याने मोजत जातो आणि प्रत्येक ठिपक्याला आकड्याप्रमाणे रंग देतो.

मेंदूत लोह, तांबं कशाला लागतं? आणि असतं कुठे?

लागतं म्हणजे, त्याशिवाय गाडी चालतच नाही. डोपामिन, म्हणजे पेशींमध्ये निरोप पोचवणारं एक रसायन, ते बनवणाऱ्या एन्झाइमला लोह लागतं, नसांवरचं मायलिनचं वेष्टण तयार व्हायला लोह लागतं, पेशीत ऊर्जा तयार होते तिथे तांबं लागतं. जस्त तर काही पेशी चक्क छोट्या पिशव्यांमध्ये भरून ठेवतात आणि सिग्नल देताना बाहेर सोडतात.

कुठे असतं ते मजेशीर आहे. १९५८ साली स्वीडनमधल्या हालग्रेन आणि सोरांडर या दोघांनी पोस्टमॉर्टेमच्या मेंदूंमधलं लोह भागाभागाने मोजलं, ते आकडे आजही सगळे वापरतात. ग्लोबस पॅलिडस नावाच्या आतल्या गाठीत १०० ग्रॅम ताज्या टिश्यूमागे साधारण २१ मिलिग्रॅम, आणि कपाळामागच्या पांढऱ्या भागात फक्त ४ च्या आसपास. एकाच डोक्यात पाचपट फरक! सबस्टॅन्शिया नायग्रा, म्हणजे पार्किन्सन्समध्ये जो भाग आधी जातो, तोही लोहाने भरलेला. तांबं तिथे आणि लोकस सेरुलिअस नावाच्या इवल्याशा भागात जास्त. जस्त हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणींशी संबंधित भागात, तेही सगळीकडे सारखं नाही, एका विशिष्ट पट्ट्यात, उंदराच्या मेंदूत तो पट्टा इतका ठळक दिसतो की नवीन पोरं पहिल्यांदा बघतात तेव्हा फोनमध्ये फोटो काढतात.

लोह वयाबरोबर वाढतं, हेही त्या १९५८ च्या आकड्यांत आहे, पण सगळीकडे एकाच वेगाने नाही. ग्लोबस पॅलिडसमध्ये तिशीपर्यंत भराभर चढतं आणि मग जवळपास थांबतं. त्यामुळे आजारी मेंदूचा नकाशा तरुण मेंदूच्या शेजारी ठेवून कुणी काही सिद्ध करत असेल तर आधी वय विचारा.

हे तर नवीन तंत्रज्ञान असेल ना?

मशीन नवीन, इच्छा जुनी. १८६७ मध्ये माक्स पर्ल्स या जर्मन माणसाने लोहावर निळा रंग चढवणारी पद्धत दिली, पॅथॉलॉजीवाले आजही ती वापरतात. जस्तासाठी १९५८ मध्ये टिम यांची चांदीची पद्धत आली. पण रंग चढला म्हणजे 'आहे' एवढंच कळतं, 'किती' ते अंदाजानेच, आणि एका वेळी एकच धातू. आता एकाच चकतीवर दहा-बारा मूलद्रव्यं एकदम मिळतात. माणसाच्या हिप्पोकॅम्पसचे तांबं-जस्ताचे लेझरवाले नकाशे जर्मनीत युलिशच्या सबीने बेकर यांच्या टीमने २००५ मध्ये छापले, तिथून हा प्रकार पसरला.

मोजता कसं? सोप्या शब्दात सांगा.

दोन मुख्य रस्ते आहेत.

एक लेझरचा. त्याचं लांबलचक नाव एलए-आयसीपी-एमएस. लेझरने चकतीचा एक बारीक ठिपका उडवायचा, ती वाफ-धूळ गॅसबरोबर वाहून आर्गॉनच्या प्लाझ्मात, म्हणजे पेटलेल्या ज्योतीसारख्या वायूत न्यायची, हा प्लाझ्मा हजारो अंश तापलेला असतो त्यामुळे सगळं अणूंपर्यंत फुटतं, आणि मग मास स्पेक्ट्रोमीटर वजनावरून अणू मोजतो. भारी सेन्सिटिव्ह, पण चकती खलास.

दुसरा एक्स-रेचा. एक्स-रे मारला की प्रत्येक मूलद्रव्य स्वतःच्या ठरलेल्या ऊर्जेचा एक्स-रे परत फेकतं, जणू आपलं नाव सांगतं. चकती वाचते, नंतर तिच्यावर दुसरं काहीतरी करता येतं. पण मेंदूत एवढं कमी असतं की साध्या ट्यूबच्या एक्स-रेला बऱ्याचदा दमच पुरत नाही, सिंक्रोट्रॉन, म्हणजे अतिप्रखर एक्स-रे देणारं प्रचंड मोठं यंत्र लागतं. तिथे मात्र एका मायक्रॉनपेक्षा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा) बारीक बघता येतं, पेशीच्या आत. प्रोटॉन मारून करायचीही पद्धत आहे, तिला पिक्सी म्हणतात, ती करणारे कमी उरलेत.

मग चांगलं कुठलं?

प्रश्नावर अवलंबून. 'या अख्ख्या भागात मँगनीज वाढलंय का' असं असेल तर लेझर. 'या एका पेशीत लोह नक्की कुठे बसलंय' असेल तर सिंक्रोट्रॉन. मला विचाराल तर मी लेझरवाली, पण मी रोज जेवते त्याच ताटाची बाजू घेणार ना.

एक नकाशा काढायला किती वेळ लागतो?

हे गणित प्रत्येक नवीन पोराला मी स्वतः करायला लावते, कारण सगळ्यांना सगळ्यात बारीक ठिपका हवा असतो. उंदराच्या मेंदूची चकती धरा १० बाय ८ मिलिमीटर. ठिपका ५० मायक्रॉनचा घेतला तर २०० गुणिले १६०, म्हणजे ३२,००० ठिपके. प्रत्येकाला पाव सेकंद धरला तर ८,००० सेकंद, सव्वादोन तास. आता हौस म्हणून ठिपका १० मायक्रॉनचा करा. १,००० गुणिले ८००, आठ लाख ठिपके, दोन लाख सेकंद, साडेपंचावन्न तास. ठिपका पाचपट बारीक, वेळ पंचवीसपट! वर ठिपका छोटा म्हणजे माल कमी, म्हणजे सिग्नल कमी, मग नकाशा खरखरीत येतो ते वेगळंच. आणि माणसाच्या मेंदूची १२ बाय १० सेंटिमीटरची चकती ५० मायक्रॉनने करायची म्हटलं तर त्याच वेगाने जवळजवळ १४ दिवस, रात्रंदिवस. नवीन मशिन्स सेकंदाला शेकडो ठिपके करतात हे खरंय, पण ती सगळ्यांकडे नसतात.

सगळ्यात अवघड भाग कुठला? मशीन चालवणं?

नाही हो. मशीन पोरं महिन्याभरात शिकतात. अवघड आहे चकती मशीनपर्यंत पोचवणं, आणि या उत्तराला जरा बसून वाचा कारण निम्मे चुकलेले नकाशे इथेच चुकतात.

पहिली गोष्ट, फॉर्मलिन. हॉस्पिटलात सगळं टिश्यू फॉर्मलिनमध्ये जातं, पॅथॉलॉजीला ते बरोबरच आहे, पण आमच्यासाठी म्हणजे धातू धुवून काढल्यासारखं. सोडियम-पोटॅशियम तर जातातच, बाकीच्यांचंही कमी-जास्त होतं, कधी फॉर्मलिनमधला मळ उलटा आत शिरतो. पॅराफिनमध्ये बसवलं तर अजून धुलाई. म्हणून शक्यतो ताजं टिश्यू गोठवायचं, उणे ८० च्या फ्रीजरमध्ये ठेवायचं आणि गोठलेलंच कापायचं. एकदा वितळलं की पेशी फुटतात, सगळं इकडून तिकडे वाहतं, परत गोठवून काही उपयोग नाही.

आता ते आणायचं कसं? ड्राय आइसच्या थर्माकोलच्या डब्यात, कॅबने, आणि काचा खाली करून, कारण ड्राय आइसमधून कार्बन डायऑक्साइड निघत राहतो आणि बंद गाडीत तो धोकादायक आहे. मे महिन्यात एसी बंद करा म्हटल्यावर ड्रायव्हर जो चेहरा करतात तो मी रोज बघते.

मग कापणं. १० ते ३० मायक्रॉन जाडीच्या चकत्या, क्रायोस्टॅटमध्ये, म्हणजे गोठलेलं टिश्यू थंडच ठेवून कापणाऱ्या यंत्रात. ब्लेड स्टीलचं असेल तर कधी कधी लोहाची एक सुंदर सरळ रेघ मिळते, मेंदूत सरळ रेघा नसतात. ओळखायची खूण अशी की तिथेच क्रोमियम चमकत असेल तर तो मेंदू नाही, ब्लेड आहे. आणि आपल्याकडचा पावसाळा! जुलैमध्ये क्रायोस्टॅटचं झाकण जरा जास्त वेळ उघडं राहिलं की चकतीवर दव गोठतं, ते वितळताना पोटॅशियम, क्लोरीन घेऊन पसरतं, आणि नकाशावर डाग येतो जो कुठल्याच ॲटलासमध्ये नाही. आम्ही पावसाळ्यात कापाकापी कमी करतो, सरळ सांगायचं तर.

रक्त हा अजून एक ताप. रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं, म्हणजे मेंदूच्या बहुतेक भागांपेक्षा कितीतरी जास्त. चकतीत एखादी रक्तवाहिनी भरलेली राहिली तर ती नकाशावर दिवाळीच्या लवंगीसारखी फुटते आणि लोक म्हणतात बघा लोहाचा साठा. उंदरांमध्ये रक्त आधी धुवून काढता येतं. माणसात नाही.

आणि माझी स्वतःची फजिती. सुरुवातीच्या दिवसांत एका चकतीच्या कडेला मला जस्ताचे लख्ख ठिपके मिळाले, जिथे असायला नको तिथे. दोन आठवडे मी हवेत. स्लाइड बनवून झाली, ग्रुप मीटिंगमध्ये दाखवायची तारीख ठरली. मग आमच्या लॅबमधले एक सिनियर आले, दोन मिनिटं बघितलं आणि विचारलं, ग्लोव्हज कुठले घातले होतेस? रबर पक्कं करायला झिंक ऑक्साइड वापरतात, ते माझ्या बोटांनी चकतीच्या कडेला लागलं होतं. ठिपके बरोबर माझ्या चिमटीच्या जागी होते. कोंड्यावरच्या बऱ्याच शॅम्पूंमध्येही जस्त असतं बरं का, भिंतीच्या पांढऱ्या रंगात टायटॅनियम असतं. तेव्हापासून एक कोरी स्लाइड, जिच्यावर काहीच नाही अशी, मी प्रत्येक बॅचबरोबर तशीच फिरवते आणि तशीच मोजते.

मटणवाल्याकडून भेजा आणता असं ऐकलंय, खरं का?

खरं. पोरांना सरावाला बोकडाचा भेजा उत्तम, आणि खरं म्हणजे सरावापुरताच नाही, स्टँडर्डसाठीही. कसं आहे, मशीन तुम्हाला फक्त सिग्नल देतं, सेकंदाला इतके अणू आले एवढंच. त्याचं पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती भाग) रूपांतर करायला ज्याचं उत्तर आधीच माहितीये असं काहीतरी हवं, आणि ते मेंदूसारखंच हवं, कारण लेझर काचेवर वेगळा वागतो आणि चरबीवर वेगळा. म्हणून भेजा बारीक वाटायचा, त्याचे भाग करून प्रत्येकात ठरलेल्या मापाने लोह, तांबं, जस्ताचे क्षार मिसळायचे, गोठवायचे, सॅम्पलच्याच जाडीला कापायचे. थोडा भाग ॲसिडमध्ये विरघळवून वेगळा मोजायचा म्हणजे खरा आकडा कळतो. जगभरात मेंढी, कोंबडी, जिलेटिन असं काय काय वापरतात. मिक्सर मात्र घरचा नको, एक तर घरचे मारतील आणि दुसरं म्हणजे पात्याचं स्टील.

लोहाचा आकडा विश्वासार्ह असतो का? आमच्या सरांनी काहीतरी ५६ चा घोळ सांगितला.

बरोबर सांगितला. निसर्गातलं ९० टक्क्यांहून जास्त लोह हे ५६ वजनाचं. आणि आपला प्लाझ्मा आर्गॉनचा, आर्गॉन ४०, ऑक्सिजन १६, दोघं चिकटले की ५६! मशीनला काय कळणार. तसंच आर्गॉन ४० अधिक सोडियम २३ बरोबर ६३, आणि तांबं ६३ चं. म्हणून एकतर मध्ये गॅसचा सेल लावून ही जोडपी फोडायची किंवा लोह ५७ आणि तांबं ६५ मोजायचं. लोह ५७ नैसर्गिक लोहात जेमतेम २ टक्के, त्यामुळे सिग्नल मार खातो. कुठलाही पेपर वाचताना कुठला आयसोटोप, म्हणजे त्या मूलद्रव्याचा कुठल्या वजनाचा अणू मोजला ते आधी बघा, चित्र नंतर.

नकाशात लाल म्हणजे वाईट ना?

नाही. लाल म्हणजे जास्त, आणि 'जास्त' कुठपासून ते काढणाऱ्याने ठरवलेलं. स्केलचा वरचा आकडा ५० ऐवजी २० केला की अख्खा मेंदू लालेलाल. शेजारचा पट्टा न वाचता नकाशा फॉरवर्ड करणाऱ्यांना आम्ही काही करू शकत नाही.

जिवंत माणसाच्या मेंदूचा असा नकाशा काढता येतो?

लोहाचा बऱ्यापैकी, एमआरआयने. लोह चुंबकीय क्षेत्रात थोडी गडबड करतं त्यावरून हिशोब लावतात, त्या पद्धतीला क्यूएसएम म्हणतात. मँगनीज खूप साठलं तर तेही एका प्रकारच्या एमआरआयमध्ये ग्लोबस पॅलिडसला उजळ दिसतं, वेल्डिंगच्या धुरात वर्षानुवर्षं काम केलेल्यांमध्ये हे बघितलं जातं. महाप्यापासून तुर्भ्यापर्यंत इतकी वर्कशॉप्स आहेत, वेल्डर भावांनो, धूर ओढणारा पंखा आणि नीट मास्क वापरा, रुमाल नाही. हा आजार नवा नाही, १८३७ मध्ये ग्लासगोत मँगनीजचं खनिज दळणाऱ्या कामगारांमध्ये जेम्स कूपर यांनी नोंदवलाय. तांबं, जस्त एमआरआयमध्ये असं दिसत नाही.

केसांची मिनरल टेस्ट केली तर मेंदूतलं कळेल?

नाही. रक्तातलं फेरिटिनसुद्धा (लोह साठवून ठेवणारं प्रथिन) मेंदूतलं लोह सांगत नाही, मध्ये ब्लड-ब्रेन बॅरियर, म्हणजे रक्त आणि मेंदूमधली गाळणी आहे. केसांच्या टेस्टचे पैसे वाचवा.

ॲल्युमिनियमच्या कुकरने अल्झायमर होतो ना? मी सगळी भांडी काढून टाकली.

काकू, थांबायचं होतंत. ही शंका कुठून आली ते सांगते. १९७० च्या दशकात डायलिसिसच्या काही पेशंटना विचित्र स्मृतिभ्रंश व्हायला लागला, आणि कळलं की डायलिसिसच्या पाण्यातून आणि औषधांतून ॲल्युमिनियम आत जातंय आणि किडन्या बंद असल्यामुळे बाहेर पडत नाहीये. म्हणजे ॲल्युमिनियम मेंदूला त्रास देऊ शकतं हे खरं. पण तो आजार वेगळा, अल्झायमर नाही. अल्झायमरच्या गाठींमध्ये ॲल्युमिनियम सापडल्याचे दावेही झाले होते, मग १९९२ मध्ये ऑक्सफर्डच्या टीमने कुठलाही रंग-केमिकल न लावलेल्या चकत्या प्रोटॉनच्या किरणाने तपासल्या आणि गाठींच्या गाभ्यात त्यांना ॲल्युमिनियम मिळालंच नाही. संशय गेला तो चकती तयार करताना वापरलेल्या केमिकलांवर. माझ्या ग्लोव्हजचीच मोठी बहीण म्हणा. धुळीत ॲल्युमिनियम भरपूर असतं, त्यामुळे हे मोजणं भयंकर कटकटीचं आहे. कुकर परत घ्या, चिंच-टोमॅटोचं आंबट त्यात तासन् तास ठेवू नका म्हणजे झालं.

तांब्याच्या तांब्यातलं पाणी?

धडधाकट माणसाचं लिव्हर जादा तांबं पित्तातून बाहेर टाकतं, त्यामुळे साध्या पाण्याची भीती नाही. आंबट, ताक, लिंबू नको, आपल्या आज्या भांड्यांना कल्हई उगीच करून घेत नव्हत्या. दूधही नको. १९८० च्या दशकात पुण्यातल्या डॉक्टरांनी तान्ह्या मुलांच्या एका जीवघेण्या लिव्हरच्या आजाराचा संबंध तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवलेल्या दुधाशी लावला होता, भांडी बदलली आणि तो आजार जवळजवळ नाहीसा झाला.

पण एका गटाला तांब्याची भांडी सक्त मना, विल्सन्स डिसीजवाले. १९१२ मध्ये किनिअर विल्सन यांनी वर्णन केलेला हा आनुवंशिक आजार, तांबं बाहेर टाकणारा एटीपी७बी जीन बिघडलेला असतो, मग तांबं आधी लिव्हरमध्ये आणि नंतर मेंदूच्या आतल्या गाठींमध्ये साठतं. हात थरथरणं, बोलणं अडखळणं, स्वभाव बदलणं. वेळेत कळला तर औषध आहे, म्हणून घरात एकाला निघाला तर सख्ख्या भावंडांची तपासणी करायलाच हवी, त्यांना काही होत नसलं तरी.

पार्किन्सन्समध्ये लोह वाढतं, मग लोह काढून टाकायचं औषध का देत नाहीत?

हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. देऊन बघितलं. डेफेरिप्रोन नावाचं लोह काढणारं औषध नुकतंच निदान झालेल्या ३७२ जणांच्या ट्रायलमध्ये ३६ आठवडे तपासलं, निकाल २०२२ मध्ये आला. सबस्टॅन्शिया नायग्रातलं लोह खरंच कमी झालं. आणि औषध घेणाऱ्यांची लक्षणं न घेणाऱ्यांपेक्षा जास्त बिघडली. अल्झायमरमध्येही याच औषधाने लोह उतरलं आणि पेशंटची बौद्धिक क्षमता अजून लवकर घसरली.

आता आमच्या नकाशात तिथे लालच दिसतं ना? दिसतं. पण ते लोह कुठल्या रूपात आहे, फेरिटिनमध्ये शांत बसलंय की मोकाट आहे, डोपामिन बनवायच्या कामावर आहे की नुसतं साठलंय, हे ठिपक्याचा रंग सांगत नाही. सिंक्रोट्रॉनवर लोहाची रासायनिक अवस्था थोडीफार कळते, लेझरवर नाही. आग लागलेल्या ठिकाणी बंबवाले जास्त दिसतात म्हणून त्यांनी आग लावली असं होत नाही. आणि म्हणून, कृपा करून, आईबाबांच्या लोहाच्या गोळ्या माझं नाव सांगून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

घोडबंदर रोडचा धूर मेंदूत जातो का?

२०१६ मध्ये मेक्सिको सिटी आणि मँचेस्टरच्या ३७ मेंदूंमध्ये मॅग्नेटाइटचे (लोहाच्या चुंबकीय ऑक्साइडचे) गोलसर अतिसूक्ष्म कण सापडल्याचं बार्बरा माहर यांच्या टीमने छापलं, उच्च तापमानाला वितळून बनल्यासारखे दिसणारे, धुरात असतात तसे. मेंदू स्वतःही मॅग्नेटाइट बनवतो असं १९९२ पासून म्हटलं जातंय, त्यामुळे कुठला कण कुणाचा यावर वाद आहे. आजार त्यानेच होतो असं सिद्ध झालेलं नाही. मी रिक्षात नाकावर ओढणी घेते, एवढं सांगते.

मी बीएस्सी केमिस्ट्रीला आहे, भारतात हे कुठे शिकता येईल?

इंदूरला आरआरकॅट या सरकारी संशोधन संस्थेत इंडस-२ हा आपला २.५ जीईव्हीचा सिंक्रोट्रॉन आहे, तिथली बीएल-१६ ही एक्स-रे फ्लुओरेसन्सची (वर सांगितलेल्या एक्स-रेच्या रस्त्याची) लाइन याच कामाची, प्रस्ताव लिहून वेळ मागावा लागतो. भुवनेश्वरच्या इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्समध्ये पिक्सी. मानवी टिश्यूसाठी बंगळुरूच्या निमहान्समधली ब्रेन बँक, एथिक्स कमिटीची परवानगी असल्याशिवाय कुठेही कुणी काही देत नाही आणि देऊही नये. ॲनालिटिकल केमिस्ट्री पक्की करा, पायथन शिका, आणि मेंदूची ॲनाटॉमी चुकवू नका. केमिस्ट्रीवाल्यांना आकडा येतो पण तो कुठल्या भागाचा ते सांगता येत नाही, मीच दोन वर्षं तशी होते.

तुमच्या लॅबमध्ये येऊन बघता येईल का?

परवानगी काढली तर येईल, पण बघण्यासारखं फार नाही हो. एक बंद डबा, आत टकटक करणारा लेझर, बाहेर स्क्रीनवर एक एक ओळ भरत जाते आणि पोरं चहा पीत वाट बघतात. तासाभराने हिप्पोकॅम्पसचा जस्ताचा पट्टा हळूहळू उगवायला लागतो, तेव्हा सगळे खुर्ची ओढून जवळ येतात. येणार असाल तर केस बांधून या, आणि ग्लोव्हज आम्हीच देऊ.